वारा म्हणेल तिकडे

स्कॉटलंडच्या वायव्येला अटलांटिकमध्ये आउटर हेब्रिडीज नावाची बेटांची माळ आहे. तिच्या अगदी दक्षिण टोकाचं वस्तीचं बेट म्हणजे वॅटरसे. माणसं शंभराच्या आतबाहेर. बेट म्हणजे खरं तर दोन डोंगर आणि त्यांना जोडणारी वाळूची, गवताची अरुंद पट्टी. पट्टीच्या पश्चिमेला एक पुळण, पूर्वेला दुसरी, दोघी एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या. पश्चिमेच्या पुळणीवर अटलांटिकची लाट थेट येऊन फुटते. पूर्वेची आडोशाला असल्यामुळे बहुतेकदा निवांत. एकीवरून दुसरीवर चालत जायला काही मिनिटं पुरतात. साधा पर्यटक इथे दोन्हीकडचे फोटो काढून परत फिरतो. काइटसर्फिंग, म्हणजे पतंगाच्या ओढीने फळीवरून पाणी कापणं, हा ज्याचा नाद तो मात्र गाडीतून उतरल्यावर आधी गवत कुठल्या बाजूला झुकलंय ते पाहतो, मग ठरवतो की आज समुद्र कुठला.

पश्चिमेच्या पुळणीमागे एक साधा दगडी स्तंभ उभा आहे. १८५३च्या सप्टेंबरमध्ये लिव्हरपूलहून क्वेबेककडे निघालेलं ‘अ‍ॅनी जेन’ हे स्थलांतरितांचं जहाज वादळात सापडून इथे फुटलं. साडेतीनशेच्या आसपास माणसं दगावली आणि त्यांना इथल्याच वाळूत पुरलं गेलं. वाऱ्याच्या आशेने इथवर येणाऱ्याने हा स्तंभ पाहून मग पतंगात हवा भरावी.

व्हॅनमध्येच झोपायचं, व्हॅनमध्येच चहा-भाजी करायची, टपावर फळी आणि मागच्या सामानात दोन-तीन पतंग, आणि ना हॉटेलचं बुकिंग ना कुणाची घाई, असं या प्रवासाचं चित्र जाहिरातींनी रंगवलेलं आहे. त्या चित्राला ‘स्वातंत्र्य’ असं नाव देतात. पण आउटर हेब्रिडीजच्या किनाऱ्यांवर पतंग घेऊन फिरणाऱ्यांचा दिवस नीट पाहिला, तर इतकी बांधलेली भटकंती दुसरी सापडणार नाही. कुठे जायचं ते वारा सांगतो. किती वाजता पाण्यात उतरायचं ते भरती-ओहोटी सांगते. बेट कधी सोडायचं ते फेरीचं वेळापत्रक, आणि रात्री गाडी कुठे लावायची ते गावकरी. प्रवाशाच्या हाती उरतं ते एवढंच, की या चौघांचं म्हणणं जुळवून घ्यायचं. या प्रवासातली मजा त्या जुळवाजुळवीत आहे, आणि पुढची पानं वाचताना तिच्यावर नजर ठेवावी.

नकाशा जवळ असलेला बरा. उत्तरेच्या लुईसपासून दक्षिणेच्या बॅरा हेडपर्यंत ही माळ सुमारे २१० किलोमीटर लांब आहे आणि तिच्यावर सव्वीस हजारांच्या आसपास लोक राहतात. दक्षिणेकडून निघालं की वॅटरसे, बॅरा, एरिस्के, साउथ युइस्ट, बेन्बेक्युला, नॉर्थ युइस्ट, बर्नरे, मग हॅरिस आणि लुईस असा क्रम लागतो. हॅरिस आणि लुईस ही नावं दोन बेटांची वाटतात, पण जमीन एकच आहे. एवढ्या लांबीत व्हॅनला बोटीवर फक्त दोनदा चढावं लागतं: बॅराहून एरिस्केला जाताना सुमारे ४० मिनिटं आणि बर्नरेहून हॅरिसच्या लेव्हरबर्गला जाताना तासभर. दुसऱ्या प्रवासात बोट खडकांमधून इतकी नागमोडी वळणं घेते, की ती फक्त दिवसाउजेडीच सोडतात. बाकी सगळीकडे कॉजवे, म्हणजे पाण्यातून बांधलेले जोडरस्ते आहेत. साउथ युइस्ट आणि बेन्बेक्युला १९४२ मध्ये पुलाने जोडली गेली, बेन्बेक्युला आणि नॉर्थ युइस्ट १९६० मध्ये, बर्नरे १९९९ मध्ये आणि एरिस्के २००१ मध्ये. कॉजवेवर ‘पाणमांजरं रस्ता ओलांडतात’ असे फलक लावलेले दिसतात आणि ते शोभेचे नाहीत.

वॅटरसेच्या कॉजवेमागे एका बैलाची हकीकत आहे. तो होईपर्यंत गुरं बाजाराला न्यायची तर बोटीमागे बांधून खाडीतून पोहवत न्यावी लागत. १९८६ मध्ये बर्नी नावाचा एक नामांकित वळू असाच पोहताना बुडाला. बातमी देशभर गाजली, आणि माणसांच्या अर्जविनंत्यांना जे जमलं नव्हतं ते बैलाच्या मरणाने जमलं. १९९१ मध्ये रस्ता झाला. आज त्याच रस्त्यावरून व्हॅन दोन-तीन मिनिटांत पलीकडे जाते.

पतंग आणि व्हॅन या दोन गोष्टी एकत्र आल्या त्या अलीकडे, पण दोघींचा जुना पत्ता काढायला गेलं तर गंमत म्हणजे एकाच शहरात जावं लागतं: ब्रिस्टल. तिथल्या जॉर्ज पोकॉक नावाच्या शाळामास्तरांनी १८२६ मध्ये पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या चारचाकी गाडीचं पेटंट घेतलं. ‘शारव्होलाँ’ हे तिचं नाव. त्या काळी रस्त्यावरचा टोल गाडीला किती घोडे जुंपलेत त्यावर ठरायचा. मास्तरांच्या गाडीला घोडाच नव्हता, त्यामुळे टोलनाकेवाल्यांची पंचाईत झाली. त्याआधी त्यांनी आपल्या मुलीला, मार्थाला, पतंगाला टांगलेल्या खुर्चीत बसवून हवेत चांगलं उंच चढवलं होतं. ही मार्था पुढे क्रिकेटच्या महर्षी डब्ल्यू. जी. ग्रेस यांची आई झाली. दोर तुटला असता तर कसोटी क्रिकेटचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता.

दुसरी गोष्ट १८८५ची. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले, नौदलातून निवृत्त झालेले डॉक्टर आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक. त्यांनी ब्रिस्टलच्या एका वाघिणी बांधणाऱ्या कारखान्याकडून स्वतःसाठी चाकांवरचं घर बनवून घेतलं, नाव ठेवलं ‘वाँडरर’, आणि दोन घोडे जुंपून इंग्लंडच्या बर्कशरमधून थेट स्कॉटलंडच्या इन्व्हर्नेसपर्यंत मजल मारली. पोटापाण्यासाठी चाकांवर राहणारे लोक आधीही होते. हौसेखातर तसं राहण्याची सुरुवात याच गाडीपासून मानतात. आज आउटर हेब्रिडीजच्या फेरीसाठी अलापूलच्या धक्क्यावर रांगेत उभ्या असलेल्या बहुतेक व्हॅन इन्व्हर्नेसवरूनच आलेल्या असतात. डॉक्टरसाहेबांना घोड्यांच्या चाऱ्याची चिंता होती, यांना डिझेलची असते. बेटांवर पंप थोडे आणि लांब लांब आहेत.

माणसाला पाण्यावर ओढून नेणारा पतंग मात्र आला फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरून. ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू हे दोघे भाऊ शिडाच्या होड्या शर्यतीत चालवायचे. पतंगाची ताकद सगळ्यांना माहीत होती. घोडं अडत होतं ते वेगळ्याच ठिकाणी. एकदा पाण्यात पडला की पतंग भिजून बुडतो, पुन्हा उठत नाही. भावांनी १९८४ मध्ये पुढच्या कडेला हवा भरलेली नळी असलेल्या पतंगाचं पेटंट घेतलं. असा पतंग पडला तरी तरंगत राहतो आणि दोऱ्यांच्या ओढीने पाण्यावरूनच पुन्हा उचलता येतो. कल्पना साधी होती, पण विकत घेणारं कुणी मिळेना. १९९७ मध्ये त्यांनी ‘विपिका’ या नावाने स्वतःच पतंग बाजारात आणला, हवाईच्या माउई बेटावर त्याच सुमारास हा नाद लागला आणि खेळ पसरला. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मार्सेयच्या समुद्रावर काइटची शर्यत पहिल्यांदाच झाली. महिलांचं पहिलं सुवर्ण ब्रिटनच्या एली ऑल्ड्रिजने जिंकलं.

संक्रांतीला पतंग उडवलेल्याला यातलं निम्मं तंत्र सांगावंच लागत नाही. कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला दांडा, दांड्यापासून वीस-चोवीस मीटर लांब चार दोऱ्या, आणि वर ७ ते १२ चौरस मीटरचा पतंग. दांडा जवळ ओढला की पतंग वारा भरून घेतो, लांब सोडला की ढील मिळते आणि ओढ कमी होते. फरक इतकाच, की इथे मांजाच्या टोकाला स्वतः माणूसच बांधलेला असतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पतंगावरचा जोर चौपट होतो. त्यामुळे ताशी २८ किलोमीटरच्या वाऱ्यात जो पतंग मजेत चालवला, तोच वारा ताशी ५५ वर गेला की जिवावर उठतो. म्हणूनच व्हॅनमध्ये निदान दोन-तीन आकारांचे पतंग, हवेचा पंप आणि फळी असं सगळं बिऱ्हाड लागतं. विमानाने किंवा बसने फिरणाऱ्याला हे जमत नाही. शिवाय पाण्यातून थरथरत बाहेर आल्यावर कपडे बदलायला दार आणि चहा ठेवायला शेगडी लागते. ओला वेटसूट व्हॅनमध्ये वाळत घातला की जो वास सुटतो, त्याबद्दल जाहिराती मौन पाळतात.

पण व्हॅनचं खरं काम दिशेचं आहे. काइटसर्फरला वारा किती आहे याच्या इतकंच तो कुठून येतो हेही महत्त्वाचं. किनाऱ्याला समांतर किंवा किंचित तिरका किनाऱ्याकडे येणारा वारा उत्तम. तो सरळ समुद्राकडून आला तर माणूस वाळूच्या टेकड्यांवर फेकला जाण्याची भीती. आणि जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा म्हणजे पाण्यात पाऊलही टाकायचं नाही. हेब्रिडीजच्या पश्चिम किनाऱ्यावर अशा वाऱ्यात पतंगाशी झटापट करताना काही बिनसलं, तर पुढचा किनारा थेट लॅब्राडोरचा. इथे बहुतेक दिवस वारा नैर्ऋत्येचा असतो, पण अटलांटिकवरून एकामागून एक कमी दाबाचे पट्टे सरकत जातात आणि त्यांच्याबरोबर वाराही फिरत राहतो. सकाळी दक्षिणेचा, दुपारी पश्चिमेचा, रात्री वायव्येचा असं एका दिवसात होतं. अशा वेळी या माळेची रचना कामाला येते. साउथ युइस्टच्या पश्चिमेला जवळजवळ सलग पसरलेली पुळण, नॉर्थ युइस्टला उत्तरेकडे तोंड केलेले किनारे, हॅरिसमध्ये खाडीच्या मुखाशी आडोशाचं उथळ पाणी. कुठलाही वारा असो, कुठला ना कुठला किनारा त्याला मानवतो, आणि तिथवर एकेरी रस्ता जातो. बीबीसी रेडिओवर खलाशांसाठी जो हवामानाचा अंदाज वाचला जातो, त्यात ‘हेब्रिडीज’ हा स्वतंत्र सागरी विभाग आहे. आता सगळं मोबाइलवर दिसतं, तरी जुने लोक तो ऐकतात.

एकेरी रस्त्याचीही एक शिस्त आहे. ठरावीक अंतरावर बाजूला फुगवटा ठेवलेला असतो, समोरून गाडी आली की जो त्याच्या जवळ असेल त्याने थांबायचं, आणि दुसऱ्याने हात वर करून आभार मानायचे. मागून गावातली गाडी आली तर तिलाही पुढे जाऊ द्यायचं. हे फुगवटे गाडी उभी करून डबा खायला नाहीत, हे मात्र काही पाहुण्यांच्या लवकर लक्षात येत नाही.

फेरी हा या बेटांवरचा रोजच्या बोलण्याचा विषय. १९७३ मध्ये दोन जुन्या कंपन्या एक होऊन कॅलेडोनियन मॅकब्रेन झाली, तिला सगळे कॅलमॅक म्हणतात. मुख्य भूमीवरच्या ओबनहून बॅराच्या कॅसलबेला पाच तासांच्या आसपास लागतात, अलापूलहून लुईसच्या स्टॉर्नोवेला अडीच-पावणेतीन तास. २००८च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने भाडं रस्त्याच्या खर्चाशी जोडायचं ठरवलं: समुद्रावरचं अंतर जमिनीवर कापलं असतं तर जितका खर्च आला असता, साधारण तितकं भाडं. योजना बेटांवरच्या लोकांसाठी होती आणि त्यांना तिचा फायदा झालाही. पण स्वस्त तिकीट व्हॅनवाल्यांनाही मिळालं, आणि उन्हाळ्यात बोटीचा डेक त्यांच्याच गाड्यांनी भरू लागला. त्यात बोटी म्हाताऱ्या झालेल्या. नव्या दोन बोटींचं कंत्राट २०१५ मध्ये दिलं गेलं, त्यातली पहिली ‘ग्लेन सॅनॉक्स’ प्रवाशांसाठी सुरू व्हायला २०२५ उजाडलं, आणि तीही दुसऱ्याच बेटाच्या मार्गावर. २०२३च्या जूनमध्ये साउथ युइस्टच्या लॉखबॉइसडेल बंदराची बोट जवळजवळ महिनाभर काढून घेतली तेव्हा शेकडो गावकरी आपापल्या गाड्या घेऊन धक्क्यावर निषेधाला जमले. दवाखान्याची वेळ चुकलेला माणूस आणि सुट्टीवर आलेली व्हॅन यांच्यात डेकवरची शेवटची जागा कुणाची, हा वाद इथे खरोखर होतो. पाहुण्याने त्यात कुणाची बाजू घ्यायची ते उघड आहे.

या सगळ्यावर कडी करणारी गोष्ट अशी, की ज्या वाऱ्याची काइटसर्फर वाट पाहत बसतो तोच जरा वाढला की फेरी रद्द होते. महिन्यातला सर्वोत्तम दिवस मिळाला म्हणून खूश झालेला गडी संध्याकाळी बेटावर अडकतो. अशा रात्री व्हॅनचं नाक वाऱ्याकडे करून ठेवायचं, वर उचलता येणारं छत मिटून घ्यायचं आणि दार उघडताना दोन्ही हातांनी धरायचं. एरवी बिजागरीसकट उखडून जातं.

रात्री गाडी कुठे लावायची, या प्रश्नाचं उत्तर जमिनीत दडलेलं आहे. पश्चिम किनाऱ्यावर पुळणीमागे जो सपाट गवताळ पट्टा लागतो त्याला गेलिक भाषेत मॅखर म्हणतात. शंख-शिंपल्यांचा चुरा वाऱ्याने आत नेऊन टाकला, तो आतल्या आंबट मातीत मिसळला आणि चुनखडीने भरलेली सुपीक जमीन तयार झाली. अशी जमीन जगात फक्त स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या पश्चिम-वायव्य किनाऱ्यांवर आहे. लोक तिच्यावर समुद्री शेवाळाचं खत घालून ओट, राय आणि बार्ली घेतात, मग काही वर्षं ती पडीक ठेवतात. जून-जुलैत तिथे इतकी रानफुलं येतात की हिरवा रंग शोधावा लागतो. टिटवीच्या कुळातले पक्षी तिथे उघड्यावर अंडी घालतात. आफ्रिकेतून येणारा कॉर्नक्रेक उंच गवतात दडून रात्रभर करवतीसारखा ओरडतो; ब्रिटनच्या बहुतेक भागातून तो नाहीसा झाला, इथे टिकला, कारण इथली शेती अजून हळू चालते. पाहुण्याला हा पट्टा नुसतं मोकळं माळरान वाटतो. त्यावर दीड-दोन टनांची गाडी चढवली की चाकांचा ओरखडा हिवाळ्यातल्या वाऱ्याला वाट करून देतो आणि वाळू उडू लागते.

कायद्याबाबतचा गैरसमजही इथेच दूर केलेला बरा. स्कॉटलंडमध्ये २००३च्या भूसुधारणा कायद्याने प्रत्येकाला जवळजवळ कुठल्याही जमिनीवरून जबाबदारीने फिरण्याचा आणि तंबू टाकण्याचा हक्क दिला. व्हॅनवाले हा हक्क आपलाही समजतात. पण तो पायी, सायकलने, घोड्यावरून किंवा वल्ह्याच्या होडीतून येणाऱ्याचा आहे. इंजिनाच्या गाडीला तो लागू नाही. शिवाय जमिनीचा मालकही आता लांबचा लॉर्ड उरलेला नाही. २००६ मध्ये साउथ युइस्ट, एरिस्के आणि बेन्बेक्युलाचा काही भाग मिळून सुमारे ९३,००० एकर जमीन तिथल्या रहिवाशांनी आपल्याच संस्थेमार्फत विकत घेतली. पश्चिम हॅरिसच्या लोकांनी २०१० मध्ये तेच केलं आणि मग व्हॅनसाठी रात्रीपुरत्या जागा ठरवून, त्यांचं भाडं गावाच्या कामाला लावलं. पेटीत पैसे टाकायचे, शौचालयाची टाकी ठरलेल्या ठिकाणीच रिकामी करायची, आणि शक्य तर किराणा गावातल्या दुकानातून घ्यायचा. मुख्य भूमीवरून महिन्याभराचं वाणसामान भरून आणणाऱ्या व्हॅनबद्दल बेटावर काय बोलतात ते छापण्याजोगं नसतं.

साउथ युइस्टवर आणखी एक बंधन पाळावं लागतं. १९५०च्या दशकात लष्कराने तिथल्या मॅखरवर क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांचं क्षेत्र उभारायचं ठरवलं. कॅथलिक पाद्री फादर जॉन मॉरिसन यांनी कडाडून विरोध केला. क्षेत्र झालंच, पण १९५७ मध्ये त्याच्या शेजारच्या टेकडीच्या उतारावर गावकऱ्यांनी मेरी आणि बाळ येशूचा उंच ग्रॅनाइटचा पुतळा उभा केला. आजही दोन्ही शेजारी आहेत. चाचणी असेल त्या दिवशी लाल बावटे लागतात आणि तो किनारा बंद, वारा कितीही सुरेख असला तरी.

पुतळ्याची ही गोष्ट दक्षिणेतच घडू शकते. बॅरा, एरिस्के, साउथ युइस्ट ही बेटं कॅथलिक. हॅरिस आणि लुईस कडक प्रॉटेस्टंट. उत्तरेत रविवार म्हणजे देवाचा वार. बहुतेक दुकानं बंद, धुणं दोरीवर नाही. स्टॉर्नोवेहून रविवारची पहिली नियमित फेरी सुटली ती १९ जुलै २००९ रोजी, आणि तेव्हा धक्क्यावर समर्थन करणारे जमले तसे प्रार्थना म्हणून विरोध करणारेही. शहरातलं मोठं सुपरमार्केट रविवारी उघडायला २०२४चा नोव्हेंबर लागला. काइटसर्फिंगला कुणी मनाई केलेली नाही. तरी चर्च सुटण्याच्या वेळी समोरच्या पुळणीवर ढोल वाजवल्यासारखं संगीत लावून पतंग फुगवणं हा अडाणीपणा ठरतो. अनुभवी लोक रविवार दक्षिणेत येईल असाच बेत आखतात, किंवा तो दिवस झोपेसाठी ठेवतात.

स्टॉर्नोवेच्या बंदरात फेरी शिरताना समोर झाडीत एक किल्लेवजा वाडा दिसतो. लूज कॅसल. मराठी वाचकाने तिकडे जरा थांबून पाहावं. जेम्स मॅथेसन यांनी १८४४ मध्ये अख्खं लुईस बेट विकत घेतलं आणि हा वाडा बांधला, तो चीनला अफू विकून मिळवलेल्या पैशावर. जार्डिन मॅथेसन या त्यांच्या पेढीला माळव्याची अफू मिळायची मुंबई बंदरातून, आणि मुंबईतले तिचे मोठे भागीदार होते जमशेटजी जीजीभॉय. म्हणजे भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय आणि स्टॉर्नोवेचा हा वाडा यांचा पाया एकाच व्यापाराच्या पैशावर घातला गेला. पुढे १९१८ मध्ये बेट घेतलं साबणवाले लॉर्ड लेव्हरहुल्म यांनी. बर्नरेहून सुटलेली फेरी जिथे लागते ते लेव्हरबर्ग त्यांच्याच नावाचं. तिथे मोठं मासेमारी बंदर करायचं त्यांच्या मनात होतं, १९२५ मध्ये ते वारले आणि बेत बारगळला. त्यांच्या कंपनीचा सनलाइट साबण तोवर हिंदुस्थानात घरोघर पोचला होता आणि १९३४ मध्ये शिवडीच्या कारखान्यात साबण तयार होऊ लागला. लेव्हरबर्गमध्ये आज फेरीचा धक्का, थोडी घरं आणि जीवरक्षक नौकेचं ठाणं आहे.

किनाऱ्यांच्या सौंदर्याविषयी प्रस्तावनेत फार लिहू नये, फोटो आहेतच. एकच किस्सा पुरे. २००९ मध्ये थायलंडच्या पर्यटन खात्याने आपल्या एका किनाऱ्याच्या जाहिरातीत चुकून बर्नरेच्या पश्चिम किनाऱ्याचा फोटो वापरला. पांढरी वाळू, पाचूसारखं पाणी, निर्मनुष्य. फोटोत पाण्याचं तापमान कळत नाही. ते मार्चमध्ये सात-आठ अंश असतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मोठ्या मनाने तेरा-चौदापर्यंत चढतं. पाच मिलिमीटर जाडीचा वेटसूट, बूट, आणि वसंतात डोक्यावर टोपडंही लागतं. हॅरिसच्या लस्केंटायरला ओहोटीच्या वेळी वाळूचे प्रचंड पट्टे उघडे पडतात आणि मधल्या उथळ पाण्यावर काचेसारखा पृष्ठभाग मिळतो. नवशिक्याला याहून बरी जागा नाही. पण भरती फिरली की तेच पाणी तासाभरात रूप पालटतं, म्हणून भरतीचं कोष्टक पतंगाइतकंच आवश्यक.

बॅरामध्ये तर भरतीचं कोष्टक विमानंही पाळतात. तिथला विमानतळ म्हणजे ट्राय वोर नावाची विस्तीर्ण पुळण. १९३६ पासून विमानं इथे वाळूवर उतरतात, आणि ओहोटीच्या वाळूवर नियमित प्रवासी विमान उतरणारा जगातला हा एकमेव विमानतळ मानला जातो. लाकडी खांबांनी आखलेल्या तीन धावपट्ट्या भरतीला पाण्याखाली जातात. ग्लासगोहून छोटं ट्विन ऑटर विमान येतं. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी वर चढवलेली असेल तर विमानतळ चालू आहे, माणसांनी वाळूवर उतरायचं नाही. काइटसर्फरने ती पिशवी पाहायची ती दुहेरी नजरेने: वारा कुठला आहे ते बघायला, आणि इथे पतंग काढायचा नाही हे लक्षात ठेवायला. शेजारी दुसऱ्या पुळणी कमी नाहीत.

एकट्याने पाण्यात उतरणं हा इथला सगळ्यात मोठा धोका. कोकणातल्या किनाऱ्यावर काही झालं तर कुणी ना कुणी कोळी पाहतो. इथे दोन-तीन तास माणूस दिसत नाही. मोबाइलला कित्येक खाड्यांमध्ये रेंज नाही. बचावाचं हेलिकॉप्टर स्टॉर्नोवेला आहे, जीवरक्षक नौका स्टॉर्नोवे, लेव्हरबर्ग आणि बॅराला. मधलं अंतर मोठं आहे. म्हणून शहाणे लोक जोडीने जातात, एक पाण्यात आणि एक वाळूवर. पट्ट्यावरची सुटकेची कळ, जी सोडली की पतंगाचा सगळा जोर निघून जातो, ती डोळे मिटून सापडेल इतकी सवयीची करून घेतात. आणि वारा वाढतोय असं वाटलं की ‘अजून एकच चक्कर’ न म्हणता बाहेर येतात.

ऋतू निवडतानाही प्रत्येक सोयीला एक गैरसोय चिकटलेली असते. मे-जूनमध्ये पाऊस त्यातल्या त्यात कमी, उजेड अठरा तासांचा, रात्री दहालाही वाचता येतं. पण वाऱ्याचा भरवसा नाही, आणि वारा पडला की मिज नावाची सुईच्या टोकाएवढी चावरी चिलटं थव्याने उठतात. त्या चिलटांपायी धर्मभीरू माणूसही वाऱ्यासाठी नवस बोलतो. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी, फेऱ्या भरलेल्या. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वारा भरपूर, पाणी वर्षातलं सर्वात कोमट, गर्दी ओसरलेली. मात्र दिवस झपाट्याने आखडतो आणि वादळं सुरू होतात.

शरदातल्या या वाऱ्यासाठीच ओळखलं जाणारं एक बेट आउटर हेब्रिडीजच्या माळेत बसत नाही, तरी या प्रवासाच्या प्रत्येक बेतात डोकावतं. टायरी. ते इनर हेब्रिडीजमधलं, वस्ती साडेसहाशेच्या आसपास, इतकं सपाट आणि बिनझाडांचं की अटलांटिकवरून आलेला वारा मध्ये कुठे न अडता आरपार निघून जातो. ढगही फारसे थांबत नाहीत, त्यामुळे मे महिन्यात ब्रिटनमधल्या सर्वाधिक उन्हाच्या ठिकाणांत त्याची गणना होते. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाच्या ५१८ क्रमांकाच्या तुकडीची हॅलिफॅक्स विमानं इथूनच उडून फक्त हवामान टिपण्यासाठी अटलांटिकवर दूरवर जात असत. पुढे येणारा वारा आधी कळावा म्हणून. आज त्याच बेटावर १९८०च्या दशकापासून ऑक्टोबरमध्ये ‘टायरी वेव्ह क्लासिक’ ही शिडाच्या फळ्यांची स्पर्धा भरते, आणि बेटाला चारी दिशांना तोंड केलेल्या पुळणी असल्याने पतंगवालेही तिकडे ओढले जातात. व्हॅनवाल्यांनी आगाऊ जागा ठरवूनच यावं, रस्त्याकडेला मुक्काम करू नये, असा आग्रह टायरीच्या लोकांनी धरला आहे. शेतकरी आपल्या जमिनीत मोजक्या जागा भाड्याने देतात. ओबनहून निघालेली फेरी साधारण चार तासांनी टायरीला पोचते. ऑक्टोबरात तिच्यावर व्हॅनसाठी जागा हवी असेल तर उन्हाळ्यातच तिकीट काढून ठेवलेलं बरं, त्या आठवड्यात वारा कुठला असेल हे कुणालाही ठाऊक नसताना.